बंद सड

परीक्षणासाठी शोधनिबंध आला की मी आधी तक्त्यांखालचं बारीक अक्षर वाचतो. ही सवय मला माझ्याच पहिल्या निबंधाने लावली.

तो गाईंच्या चाऱ्यावर होता. प्रयोगातल्या दोन गाई मध्येच आजारी पडल्या, म्हणून त्यांचे आकडे मी वगळले आणि तसं शेवटच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहून मोकळा झालो. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी नेमकी तीच ओळ उचलून प्रयोगाच्या वर्णनात सगळ्यात वर ठेवली. इतकं स्वच्छ लिहिणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, पण त्या दिवशी माझं डोकंच फिरलं.

"मॅडम, उणीव आधीच सांगितली तर पुढचं वाचणार कोण?"

मॅडम नेवासा तालुक्यातल्या, शेतकऱ्याची लेक. म्हणाल्या, "माझे वडील घोडेगावच्या बाजारात गाय विकायला उभे राहिले की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. 'पावनं, हिच्या कासेचा चारातला एक सड बंद हाय, दूध येत न्हाई त्यातनं.' मग वय, वेत, दूध."

"मग गिऱ्हाईक निघूनच जात असेल!"

"काही जायचे. पण जो थांबायचा, तो उरलेले तीन सड तपासायचा नाही."