कावळा शिवायच्या वेळी माईक बंद

आमच्या घराण्यात कॉलेज बघितलेला मी पहिला. अवसरी खुर्दला मेकॅनिकल इंजिनियरिंग केलं, फर्स्ट क्लासमध्ये पास झालो. हे मी कुठंही सांगतो आणि सांगताना मान खाली घालत नाही. पण माझं घर त्या डिग्रीवर चालत नाही, हेही त्याच दमात सांगतो. मी दहाव्याला बोलतो.

बाहेरच्या माणसाला हे फोड करून सांगावं लागतं. आमच्या आंबेगाव-जुन्नर भागात माणूस गेला की दहाव्या दिवशी सकाळी नदीच्या घाटावर अख्खा गोतावळा जमतो. नुसता गोतावळा नाही. पुढारी, सोसायटीचे चेअरमन, मास्तर, दूध डेअरीवाले, सगळे येतात. एका बाजूला विधी, दुसऱ्या बाजूला महाराजांचं प्रवचन, शेवटी श्रद्धांजल्या. कोण आलं, कुणी आधी बोलायचं, कुणाला कुठं आवरायचं, हे सगळं सांभाळायला माईकवर एक माणूस लागतो. आणि जो गेला तो कोण होता, हेही त्यालाच थोडक्यात सांगावं लागतं. मित्र चेष्टा करतात, "राव, तुझा फोन आला की धडकी भरती. कोण गेलं म्हणावं?"

मी यात ठरवून आलो नाही. रांजणगावच्या एका कारखान्यात कंत्राटी ट्रेनी होतो. त्याच दिवसांत आमच्या लोणीत शेजारची आजी वारली आणि दहाव्याला ठरलेला निवेदक आलाच नाही. शिकलेलं पोरगं आहे, दे त्याच्या हातात, म्हणून कुणीतरी माईक माझ्याकडं दिला. आजी भाकरीचा पहिला पापुद्रा मांजराला द्यायची आणि मगच घरच्यांना वाढायची, एवढंच मी बोललो. बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले. त्या दिवशी कळलं की हे आपल्याला येतं. काही महिन्यांनी कारखाना सोडला. मला काढलं नव्हतं, मी सोडला.

येतं म्हणून भागत नाही, हेही लवकरच कळलं. सुरुवातीला मी जड जड शब्द वापरायचो, लोक जांभया द्यायचे. मग विहिरीवर मोटर चालू करून तिच्या आवाजावर बोलायची सवय केली, म्हणजे घसा न ताणता शब्द लांब जातो. दहाव्याच्या आदल्या दिवशी त्या घरी जाऊ लागलो. ओसरीवर पुरुष माणसं सांगतात, "मनमिळाऊ स्वभावाचे व्हते." आमच्याकडं मेलेला प्रत्येक माणूस मनमिळाऊ असतो. म्हणून मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसायचो आणि बायकांना विचारायचो, सकाळी उठून पहिलं काय करायचे? तिथं खरा माणूस सापडायचा. शिनोलीपासून जुन्नरच्या पलीकडंपर्यंत लोक आता मला पैसे देऊन बोलावतात. बहिणीचं लग्न मी केलं, घरावर स्लॅब मी टाकला. हे माझ्या गळ्यानं आणि माझ्या कष्टानं झालंय.

माझा एक नियम होता. पिंड ओट्यावर मांडले की माईक बंद. कावळा झाडावर बसून वाट बघत असतो, कर्णा खरखरला की उडून जातो. मग लोक म्हणतात, मेलेल्याची इच्छा राहिली. एकदा घाई असलेल्या पुढाऱ्याला मी भर घाटावर थांबवलं होतं. साहेब, कावळा शिवू द्या, मग बोला. तो चिडला, पण थांबला.

वडील मात्र माझं बोलणं ऐकायला कधी आले नाहीत. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. थोडी जिरायत जमीन होती, पण सगळी हयात त्यांनी रांजणगावच्याच दुसऱ्या एका कंपनीच्या गेटवर काढली. गळ्यात ओळखपत्र घातलेल्या साहेब लोकांच्या गाड्या आल्या की गेटचा आडवा दांडा उचलायचा, हात वर करून सलाम करायचा. मी इंजिनियरिंगला लागलो तेव्हा ते गेटवरच्या सगळ्यांना म्हणाले होते, एक दिवस माझ्या पोरासाठी दांडा उचलीन. निवृत्त होईपर्यंत तो दिवस आला नाही. कुणी विचारलं, पोरगा काय करतो, तर ते सांगायचे, "इंजिनियर हाय." पुढचं सांगायचे नाहीत. घरी मात्र एकदा जेवता जेवता म्हणाले, "लोकं मरायची वाट बघत बसतो का रं तू?" मी ताटावरून उठलो नाही.

गेल्या वर्षी त्यांनी त्या कंपनीतल्या एका साहेबांना गाठून माझ्यासाठी शब्द टाकला. साहेब भला माणूस, घेतो म्हणाले. मी नको म्हणालो. दहा वर्षं लावून उभं केलेलं काम सोडून मी नवख्यासारखा रांगेत उभा राहणार नव्हतो. आण्णांनी नंतर तो विषयच काढला नाही, आणि माझ्याशी बाकीचंही बोलणं कमी केलं. मग एके दिवशी दुपारी छातीत कळ आली. मंचरला नेलं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्याला मी ओट्यापुढं ओला पंचा नेसून बसलेलो, डोकं भादरलेलं. आपल्या बापाच्या दहाव्याला आपल्यालाच बोलता येत नाही. जुन्नरकडचा माझ्याच धंद्यातला एक मित्र माईक सांभाळायला आला होता. आदल्या दिवशी त्यानं विचारलं, आण्णांचं काय सांगू? मी सांगितलं, निवृत्त झाल्यावरही आमच्या गल्लीच्या तोंडाला कुणाची गाडी आली की त्यांचा हात आपोआप वर जायचा. एवढंच सांग.

पिंड मांडले. शेजारी चहाचा कप आणि खारी ठेवली, गेटवर ते तेच खायचे. समोरच्या उंबरावर कावळे होते. आणि तेवढ्यात पुढाऱ्याची गाडी आली. त्याला पुढं अजून दहावे गाठायचे होते. परक्या तालुक्यातला माझा मित्र त्याला नाही म्हणू शकला नाही. त्यानं माईक दिला. मी ओट्यापासून हातानं खुणा केल्या. मित्रानं बघितलं आणि दोन्ही हात जोडले. कर्णा खाकरला. "अत्यंत मनमिळाऊ स्वभावाचे..." एवढं कानावर आलं, आणि उंबरावरचे कावळे नदीपलीकडं उसाकडं गेले.

पुढारी बोलून गेला. माईक बंद झाला. सगळे उंबराकडं बघत बसले. कावळा येईना.

आमच्याकडं अशा वेळी घरचे मोठ्यानं शब्द देतात. मेलेल्याच्या मनात जे राहिलं असेल ते आम्ही करू म्हणून सांगतात. शब्द बरोबर लागला की कावळा शिवतो, असं मानतात. आधी धाकटे चुलते पुढं झाले. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. त्यांचा आण्णांशी बांधावरून अबोला होता. ते म्हणाले, "आण्णा, बांध तू म्हणशील तसा. माझं काय बी म्हननं न्हाई." कावळा नाही. मी म्हणालो, आईला अंतर देणार नाही. तरी नाही. बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "पोराचं राह्यलंय त्यांच्या मनात."

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. ते कंपनीचे साहेब सतरंजीच्या कडेला बसलेले होते. त्यांचीही नजर माझ्यावर आली.

तात्या माझ्या खांद्याशी वाकून म्हणाले, "म्हण की. 'आण्णा, मी नोकरीला जातो.' एवढंच म्हण. साहेब हितंच हायेत, अजून घ्यायला तयार हायेत."

घाटावर दिलेल्या शब्दांचं पुढं काय होतं, ते मी जेवढं बघितलंय तेवढं तिथं कुणी बघितलं नसेल. भावाला सोडणार नाही म्हणणारे वर्षाच्या आत कोर्टात गेलेले मी बघितलेत. तरी कावळा शिवलेला असतो आणि लोक समाधानानं घरी गेलेले असतात. मीही म्हणून टाकू शकत होतो. पण साहेब समोर बसलेले, आई बसलेली. म्हटलं असतं तर जावं लागलं असतं. आणि गेलो नसतो तर उद्या दुसऱ्याच्या दहाव्याला कुठल्या तोंडानं उभा राहिलो असतो?

"ते मी म्हणणार न्हाई, तात्या."

ते ताठ उभे राहिले. आवाज खाली ठेवायची गरज त्यांना वाटली नाही. "दुसऱ्याच्या बापासाठी गळा काढत हिंडतोस, आन सोताच्या बापाला एक शब्द द्यायला जीभ उचलंना व्हय रं?"

मी उंबराकडं बघत राहिलो. कावळे माईकमुळं गेले, हे मला ठाऊक होतं. तसं ओरडून सांगावं असंही वाटलं. पण बापाचा पिंड पुढं ठेवून मी कर्ण्याचं गणित मांडलं असतं, तर ते कुणी ऐकून घेतलं असतं? आणि खरं सांगायचं तर माझीही खात्री थोडी हलली होती. बराच वेळ झाला तरी नदीपलीकडून एकही कावळा परतला नव्हता, आणि आता तर सगळीकडं शांतता होती.

ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. विधी पुरा झाला. लोक उठले. मित्रानं माईक चालू केला आणि आण्णांचा तो वर जाणारा हात सांगितला. चांगला सांगितला, मीही याहून चांगला सांगितला नसता. पण लोक चपला शोधत होते. साहेब माझ्याकडं न येता गाडीत बसले. त्यांच्यासाठी हात वर करायला तिथं कुणी नव्हतं.

संध्याकाळी आई चुलीपुढं बसली होती. तात्यांसारखी ती चिडली नव्हती, त्यामुळं जास्त जड गेलं. ती म्हणाली, "म्हनला असतास तर काय झालं असतं? त्यांना कुठं कळनार व्हतं." आजही ती मला जेवायला वाढते, विचारते, आज कुठल्या गावाला. कोण गेलं, ते मात्र विचारत नाही. तात्यांनी दहाव्यानंतर सरकवलेली बांधाची खूण परत होती तिथं नेली.

सुतक फिटल्यावर पहिलं बोलावणं शिनोलीचं आलं. कारभारी माणूस गेलेला, दोन पोरं. थोरला ओट्यापुढं बसला होता, माझ्यासारखाच, भादरलेला. पिंड मांडले आणि मी माईक बंद केला. श्रद्धांजलीला आलेले दोघं पुढारी घड्याळ बघत होते, त्यांना मी हातानंच खाली बसवलं. कावळा झाडावर होता, पण खाली येईना. थोरला रडत म्हणाला, "आप्पा, धाकट्याला कॉलेजात घालतो. मी शेती बघीन, त्याला शिकवतो." कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

सगळ्यांनी श्वास सोडला. पुढच्या ओळीतला एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "पोरानं शब्द दिला न्हवं, मंग येनारच." मग त्याची नजर माझ्या डोक्याकडं गेली. केस अजून नीट उगवले नव्हते. लोणीची बातमी शिनोलीला पोचायला वेळ लागत नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

माझ्या हातातला माईक बंदच होता. मी बटण दाबलं आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलायला लागलो.