तेरा जणांच्या खेळातला माणूस

बहरीनमध्ये, अदलियातल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये तो पहिल्यांदा आला, तेव्हा मी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुठे कुठे दुखापत झाली? डोक्यापासून पायापर्यंत सांगा."

तो फ्रान्सकडून रग्बी लीग खेळलेला माणूस. आता सित्राच्या रिफायनरीत वेल्डिंगची तपासणी करत होता. नाक इतक्या वेळा मोडलेलं, की त्याने मोजणं सोडलेलं. पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात वेल्सच्या खेळाडूने कोपर मारून जबडा मोडला. तारा बांधून पेजेवर राहिला. उत्तर इंग्लंडच्या क्लबात खांद्यात इंजेक्शन घेतल्याशिवाय मैदानात उतरला नाही. डावा कान चेचून सुकलेल्या अंजिरासारखा झालेला. सगळी कारकीर्द मला त्याच्या अंगावरूनच कळली.

"आणि डोकं?"

"डोक्यात काही नाही, मादाम. म्हणून तर हा खेळ खेळलो."

जाताना त्याच्या बायकोने मला बाजूला घेतलं. डोक्याला आणखी एक मार बसला तर जीवावर बेतेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी तो इथल्या हौशी क्लबातून खेळतच होता. त्या क्लबाच्या सामन्यांना पट्ट्या, बर्फ, स्ट्रेचर घेऊन मीच उभी असायचे. "तुम्ही लक्ष ठेवा," ती म्हणाली.

इथे पंधरा जणांची रग्बी चालते. पाडलेल्याने चेंडू सोडायचा आणि दोन्ही बाजूंनी त्यावर तुटून पडायचं. त्याच्या तेरा जणांच्या रग्बी लीगमध्ये पाडलेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि टाचेने मागच्या साथीदाराकडे सरकवतो. मी शाळेत कबड्डी खेळले आहे, त्यामुळे हे नियम मला पटकन कळले.

त्या शुक्रवारी समुद्रावरच्या कॉजवे पुलावरून सौदीची टीम आली होती. मध्यंतरानंतर त्यांच्या एका दांडग्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. ओला नारळ फरशीवर आपटावा तसा आवाज झाला. मी धावेपर्यंत तो उठून चेंडूमागे गेलाही. चेंडू मिळाला, दोघांनी त्याला आडवा केला. तो सरळ उभा राहिला, चेंडू खाली ठेवला आणि टाचेने मागे सरकवला. मागे कोणीच नव्हतं. मैदान हसलं.

मी आत गेले. "याला बाहेर काढ."

कप्तान बँकेतला इंग्रज. "अगं, चेष्टा करतोय. जुनी सवय."

"या मैदानावर त्याने हे एकदाही केलेलं नाही."

आमचा एक बहरीनी खेळाडू ओरडला, "यल्ला, चला डॉक्टर, मॅच चालू आहे."

"मी डॉक्टर नाही. आणि याची मॅच खलास."

मी त्याचा दंड धरला. त्याने मला असं ढकललं की मी पाठीवर पडले. मग तो फ्रेंचमध्ये बोलू लागला. कप्तानाला शाळेतलं फ्रेंच येत होतं. त्याचा चेहरा उतरला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"वेल्सवाल्यांना सांग म्हणतोय, जबडा मोडला तरी मी बाहेर जाणार नाही."

मग त्याच्याच टीमने त्याला धरलं. कप्तान कमरेला, दोघे पायांना. त्याने कप्तानाचं नाक फोडलं, एकाच्या बोटाला चावला. दोघांच्या रक्ताने जर्सी माखली. शेवटी चौथा पाठीवर बसला तेव्हा तो एकदम ढिला पडला आणि ओकला. आम्ही त्याला कुशीवर वळवलं. अँब्युलन्समध्ये त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी दिसत होती.

मेंदूत रक्तस्राव होता. कवटी उघडावी लागली. तो वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं, मला बाहेर कोणी काढलं? बायकोने माझं नाव सांगितलं. मी पलंगाशीच उभी होते. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

आता त्याला चेंडूला हात लावायची परवानगी नाही, आणि माझं तोंड पाहायची त्याची इच्छा नाही. उपचार मात्र थांबवून चालणार नव्हतं. हिद्दमधला एक फिजिओ चांगला आहे; त्याचा नंबर मी बायकोला दिला. ती म्हणते, चालतो नीट, चिडतो फार.