शिशाच्या एप्रनची घडी

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीत शाळा सुटली. कुणाच्या हाती हे पडलंच तर सांभाळून घ्यावं. तोंडानं मला हे सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

त्या दिवशी विकासनं एप्रन एक्स-रेच्या टेबलावर पसरला. विकास आमच्या सेंटरचा टेक्निशियन, म्हणजे मशीन चालवणारा. तपासणीला माणसं येणार होती, म्हणून डॉक्टरांनी त्याला सगळं बघून ठेवायला सांगितलं होतं.

"मावशी, आज पेशंट तुमचा एप्रनच," तो म्हणाला. "नाव काय लिहू?"

"गप काढ फोटो," मी म्हणाले.

धाराशिवच्या या सेंटरवर मी झाडलोट करते, बायकांना कपडे बदलायला मदत करते आणि लहान पोरांना धरते. पोरगं हललं की फोटो पुसट येतो. परत काढावा लागतो, म्हणजे किरणं दोनदा. खरं तर घरच्यांनीच धरायचं असतं. पण पोरगं ओरडलं की आईचे हात सुटतात. माझे सुटत नाहीत, म्हणून मला हाक येते. धरणाऱ्यानं एप्रन घालायचा. दिसायला रबरी, पण आत शिसं असतं. ते किरणं अडवतं. घातला की खांदे भरून येतात, एवढा जड.

फोटो स्क्रीनवर आला. एप्रन पांढरा दिसत होता, तसाच दिसायला पाहिजे. पण मधून एक उभी काळी रेघ होती आणि एक आडवी. विकासचं हसू गेलं.

"काळं म्हणजे काय?" मी विचारलं.

"तिथं आतलं शिसं मोडलंय. तिथून किरणं पार होतात." मग हळूच म्हणाला, "तुम्ही ह्याची घडी घालता ना, मावशी."

घालत होते. रोज संध्याकाळी, कडेला कड जुळवून, कपाटात चादरींच्या वर. एप्रनचा स्टँड होता, पण त्याच्यावर हेल्मेटं आणि रेनकोट असायचे. एकदा डॉक्टरांनी रिसेप्शनवरच्या नव्या पोरीला ते कपाट उघडून दाखवलं होतं. "वस्तू कशी ठेवावी ते मावशींकडून शिका," म्हणाले होते. एप्रन टांगायचाच असतो, घडीवर शिसं मोडतं आणि वरचं कापड मात्र धड राहतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पण मी दुसराच विचार करत होते. मी चिकुनगुनियानं पडले होते तेव्हा माझ्या जागी माझी सून राणी येत होती. तिनंही हाच एप्रन घालून पोरं धरली होती. आता तिला दिवस गेले होते, आणि ते तेव्हाचेच होते. आडवी रेघ बरोबर पोटावर येत होती.

मी विकासला राणीचं सांगितलं. डॉक्टरांना सगळं त्यानंच सांगितलं.

"धरणाऱ्याला लागतात ती किरणं फार थोडी असतात," डॉक्टर म्हणाले. "त्यानं काही होत नसतं. तिला घाबरवू नका. पण एप्रन गेला, मावशी. नवा घ्यावा लागेल. पगारातून थोडे थोडे कापू. चालेल ना?"

"व्हय," म्हणाले. मोठ्या माणसांसमोर मी व्हयच्या पुढं जात नाही. हेल्मेटांचं सांगायचं राहिलं.

घरी राणी ज्वारी निवडत होती. तिला न सांगणं मला जमलं नाही.

"आत्याबाई, तुमीच म्हणला होता, एप्रन घातला की भ्या न्हाय."

"व्हय. म्हणले होते."

"मग आता?"

"डॉक्टर म्हणले, काय होत न्हाय."

"त्यांनी लिहून दिलं का?"

ती सुपातले खडे वेचत राहिली.

चौथ्या महिन्यात मूल गेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी धीर करून एप्रनचं विचारलं. त्या म्हणाल्या, "मावशी, बहुतेक वेळा कारण कळतच नाही. एप्रननं झालं असं मला वाटत नाही."

वाटत नाही, असं म्हणाल्या. मी तो शब्द घेऊन घरी आले. राणीनं तोच शब्द धरला.

थोड्या दिवसांनी ती तेरला माहेरी निघाली. एसटी स्टँडवर पिशवी मीच धरली होती. बस लागली तेव्हा ती म्हणाली, "तुमी मुद्दाम केलं न्हाय, म्हाईत हाय मला. पण आत्याबाई, तुमच्या हातचं मला खाववंना."

माझा लेक सुट्टीला तेरला जातो आणि एकटाच परत येतो.

नवा एप्रन आला. स्टँड मोकळा झाला. हेल्मेटं आता खिडकीत असतात. कुणी नवीन बाई कामाला आली तर मी दोनच गोष्टी सांगते. एप्रन टांगायचा, घडी घालायची नाही. आणि दिवस गेल्याची शंका जरी असली, तरी पोर धरायला आत जायचं नाही.

या महिन्याला डॉक्टरांनी पूर्ण पगार हातात दिला.

"एप्रनचे पैसे फिटले बरं का, मावशी. आता काही बाकी नाही."

"व्हय," म्हणाले.