हिरव्या तिजोरीचा नंबर

पोलिसातून निवृत्त होऊन काही वर्षे झाली, पण ती हिरवी तिजोरी अजून डोळ्यांपुढून हलत नाही. माणसाच्या उंचीची, जाड पत्र्याची, बेसमेंटच्या काँक्रीटमध्ये चार बोल्टांनी बसवलेली. दार सताड उघडे, आत काही नाही आणि दारावर साधा ओरखडाही नाही. मी वहीत पहिली ओळ लिहिली, "फोडलेली नाही. उघडलेली आहे."

पुढची सगळी डोकेदुखी त्या ओळीतून निघाली.

घर कॅनडातल्या मिल्टनच्या बाजूला, नव्या वस्तीत. घरमालक चाळिशीतला इंजिनिअर, मूळचा पुण्याचा, रोज ट्रेनने टोरोंटोला नोकरीला जाणारा. छंद नेमबाजीचा. परवाना, क्लबचे सभासदत्व, तीन पिस्तुलांची नोंदणी, सगळे कागद जागच्या जागी. शनिवार-रविवार कुटुंबासह मॉन्ट्रियलला नातेवाइकांकडे गेला होता. परतला तेव्हा मागचे दार उचकटलेले आणि तिन्ही पिस्तुले गेलेली. त्याने ताबडतोब फोन केला. आम्ही फोटो काढत होतो तेव्हा त्याची बायको जिन्यावर उभी राहून त्याला म्हणत होती, "शंभर वेळा सांगितलं, बॅडमिंटन खेळ. शटलकॉक चोरीला गेलं असतं तर पोलीस आले असते का घरी?" ती हे रडत बोलत होती.

आमच्या सार्जंटला मात्र चोरी पटेना. इथे पिस्तुलांची खरेदी-विक्री आणि हस्तांतर सरकारने गोठवल्यापासून एक नवा प्रकार आमच्या कानावर येत होता. मालक स्वतःच माल बाहेर विकतो आणि चोरीची तक्रार देतो.

"नंबर त्याला एकट्याला माहीत. तिजोरी नंबरानेच उघडली," सार्जंट म्हणाले. "आणखी काय हवंय तुला?"

"वीस दिवस," मी म्हणाले.

"तुझ्या गावाकडचा आहे म्हणून?"

"मी नागपूरची, तो पुण्याचा. आमच्याकडे हे कारण उलट बाजूने चालतं."

त्यांना विनोद कळला नाही, पण वीस दिवस मिळाले. मी त्याला ओळखत नाही, हे पहिल्याच दिवशी लेखी दिले होते. वीस दिवस मागितले ते वेगळ्या कारणाने. तो अजून कॅनडाचा नागरिक नव्हता. नागरिकत्वाची शपथ काही आठवड्यांवर आली होती. शस्त्रविक्रीचा गुन्हा लागला असता तर तुरुंग झालाच असता, शिवाय या देशात राहण्याचा हक्क गेला असता आणि त्याच्या मागोमाग बायको-मुलीची घडीही विस्कटली असती. अशा माणसावर आरोप ठेवायचा तर "दुसरे कोण असणार?" एवढे कारण मला पुरत नाही.

त्याचा जबाब व्हिडिओवर घेतला. हक्क वाचून दाखवले, वकिलाला फोन करायचा आहे का ते विचारले. तो नको म्हणाला. मध्येच त्याचा बांध फुटला. "ताई, आईशप्पथ सांगतो..."

मी त्याला थांबवले. "रेकॉर्डिंग चालू आहे. इथे मी डिटेक्टिव्ह आहे. इंग्रजीत बोला, म्हणजे उद्या तुमच्या शब्दांचा अर्थ दुसऱ्या कुणाला लावावा लागणार नाही." तो दुखावला, पण हे त्याच्या भल्याचेच होते.

"नंबर कोणाला सांगितलात?" मी विचारले.

"कोणालाही नाही."

"बायकोला?"

"ती तळघरात त्या भिंतीकडे बघतसुद्धा नाही."

"कुठे लिहून ठेवलात?"

"नाही."

उत्तरे सरळ होती आणि प्रत्येक उत्तर त्याला आणखी खोलात नेत होते. बोलताना त्याने एक गोष्ट सांगितली, तीही मान खाली घालून. तिजोरी जुनी, क्लबमधल्या मित्राकडून आलेली. बेसमेंटच्या जिन्यावरून उतरवताना शेवटच्या पायरीवर ती हातातून निसटली. दुसऱ्या दिवशी उघडेना. कुलूपवाल्याला बोलवावे लागले. आकड्यांची चकती किंचित सरकली होती. तेव्हापासून शेवटच्या आकड्याच्या अर्धी रेघ पुढे गेल्याशिवाय दार उघडत नसे. कुलूप बिघडल्याचे त्याने क्लबात कोणाला सांगितले नव्हते. "वर्षभर चिडवलं असतं मला," तो म्हणाला. मी ते लिहून घेतले आणि पुढे गेले. त्या वेळी मला त्यात काही दिसले नाही.

मग मी क्लबात गेले. सभासदांची यादी मागून घेतली, एकेकाचा परवाना तपासला. सगळे स्वच्छ. प्रत्येकाशी पाच मिनिटे बोलले. सगळे अदबीने वागले आणि कोणीही काही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी क्लबच्या सेक्रेटरीचा फोन आला. सत्तरीची बाई, निवृत्त शाळामास्तरीण. आवाजावरूनच कळत होते की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येत असेल.

"तू काल वही उघडून बसलीस आणि सगळे मिटले," ती म्हणाली. "शनिवारी सकाळी ये. पोलीस आहेस हे लपवू नकोस, पण वही गाडीत ठेव. डझनभर डोनट आण आणि प्रश्न विचारू नकोस. ही माणसं विचारल्यावर बोलत नाहीत. आपणहून बोलायला लागली की मात्र थांबत नाहीत."

मी गेले. वही गाडीत ठेवणे मला जड गेले, हे कबूल करते.

नेमबाजीच्या रेंजच्या मागे एक खोली, लांब टेबल, कॉफीचे मोठे भांडे. गोळीबार बारा वाजेपर्यंत, गप्पा दोनपर्यंत. सगळे संभाषण इंग्रजीतले, मी मराठीत देते. इथे कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही. नेम कसा चुकतो किंवा सवय काय आहे, त्यावरून नाव पडते. एका निवृत्त ट्रकवाल्याचे नाव 'डावीकडे खाली'. माझ्या तक्रारदाराला 'स्प्रेडशीट' म्हणत, कारण तो प्रत्येक गोळीची नोंद ठेवी. मला मनातल्या मनात त्याच्याबद्दल आपुलकी वाटली.

बाहेरच्यांना वाटते, बंदुकांच्या शौकिनांच्या गप्पा म्हणजे काहीतरी भयंकर. त्या टेबलावर पहिला अर्धा तास चष्म्याचा होता.

"नव्या चष्म्याने मला नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी दिसते, पण टार्गेट दिसत नाही," ट्रकवाला म्हणाला.

"जुन्याने तरी कुठे दिसत होतं?" सेक्रेटरी.

"जुन्याने दोन दिसायची. एकाला तरी लागायची."

मग बंदुकीला तेल किती लावावे यावर वाद. मग हरणाच्या मांसाचे सॉसेज कोणाच्या फ्रीजरमध्ये किती उरले आहे. मग गुडघे. मग कोणते विंटर टायर चांगले. मग पुन्हा तेल. दोन शनिवार मी हे ऐकले. विसातले तेरा दिवस गेले. सार्जंटने विचारले, "काय कळलं?" मी म्हणाले, "तेल कमी लावावं."

या दोन शनिवारांत तक्रारदार आला नव्हता. त्याचा विषय निघाला की टेबल गप्प होई. त्यांनाही तोच संशय होता, फक्त बोलून दाखवत नव्हते. तिसऱ्या शनिवारी, विसाव्या आणि शेवटच्या दिवशी, एका नव्या सभासदाने विचारले, "तिजोरी कुठली घ्यावी?"

टेबल जागे झाले. "विकत कशाला घेतोस?" ट्रकवाला म्हणाला. "आमच्याकडे कधी कोणी विकत घेतली आहे का? मोठा माणूस नवी घेतो, जुनी खालच्याला देतो. सहाजण उचलायला येतात, ज्याच्या घरी जाते तो जेवण घालतो. ती हिरवी आठवते? आधी आपल्या म्हाताऱ्या प्लंबरची. तो गेल्यावर फर्नेसवाल्याकडे. फर्नेसवाला लहान कॉन्डो फ्लॅटमध्ये राहायला निघाला, मग स्प्रेडशीटकडे."

"आणि नंबर?" नव्याने विचारले.

"नंबर तिजोरीबरोबर येतो. हिरवीचा नंबर प्लंबरचाच आहे अजून. चकतीचा नंबर बदलायला कुलूपवाला लागतो, आणि कोण कशाला बदलेल? आपलीच माणसं आहेत."

तो हसला. मग त्याचे त्यालाच ऐकू आले. हातातला कप तसाच राहिला. ही माणसे गोळीतली दारू कणाकणाने मोजणारी, परवान्याच्या प्रत्येक नियमाला चिकटून राहणारी. आणि तिजोरी मात्र तीन घरांतून एकाच नंबरावर फिरली होती.

मी पार्किंगमध्ये जाऊन तक्रारदाराला फोन केला. जबाबात विचारायचा राहिलेला प्रश्न विचारला. "नंबर तुम्हाला कोणी सांगितला?"

"ज्याने तिजोरी दिली त्याने. पण तो तर... तो मित्र आहे. कुलूपवाला म्हणाला होता बदलून देतो. मी म्हटलं, राहू दे, पुढच्या वेळी."

मी "नंबर कोणाला सांगितलात" यावर अडून बसले होते. त्याने खरे उत्तर दिले होते. चूक माझ्या प्रश्नात होती.

सार्जंटकडून आणखी तीन दिवस घेतले. घर तापवणारे फर्नेस दुरुस्त करणारा हा माणूस मी तपासलेल्या यादीत नव्हता, कारण त्याने गुडघ्याचे कारण सांगून वर्षभरापूर्वी क्लब सोडला होता. पण क्लबच्या मोबाईल ग्रुपमधून त्याला काढायचे कोणालाच सुचले नव्हते. रेंजवर दर शनिवारी एकाची सुरक्षेची पाळी असते. ज्याला जमत नाही तो ग्रुपवर लिहितो. चोरीच्या आधी तक्रारदाराचाच निरोप होता, "आम्ही सगळे शनिवार-रविवार मॉन्ट्रियलला. माझी पाळी कोणी घेईल का?" आणि फर्नेसवाल्याचा परवाना तपासला तर तो घरातल्या भांडणाच्या तक्रारीवरून रद्द झालेला होता. शस्त्रे पोलिसांनी जमा केली होती. म्हणूनच त्याची तिजोरी रिकामी झाली होती. कॉन्डो वगैरे काही नव्हते.

पण हे सगळे संशयापुरते. नंबर सहा-सात जणांना माहीत असू शकत होता. तिजोरी त्यानेच उघडली, हे सिद्ध व्हायला हवे होते.

तो चौकशीला स्वतःहून आला, शांत बसला. वकिलाशी फोनवर बोलून घेतले होते. दहा मिनिटे "आठवत नाही" शिवाय काही नाही. तीन शनिवारांत मी एक गोष्ट शिकले होते. या शौकिनाला तुम्ही चोर म्हणा, तो गप्प बसेल. हत्याराबद्दल चुकीचे बोला, त्याला राहवणार नाही.

मी कागद चाळत म्हणाले, "तशी ती तिजोरी अगदीच सोपी. तीन आकडे लावले की कोणीही उघडेल. लहान मूलसुद्धा."

"नाही उघडणार," तो म्हणाला.

"का? नंबर बरोबर असला तर?"

"बरोबर असूनही नाही. शेवटच्या आकड्यावर थांबलात तर बसाल रात्रभर. अर्धी रेघ पुढे जावं लागतं. ती तिजोरी ओळखणाऱ्यालाच ते हाताला कळतं."

मी पेन खाली ठेवले. "तुमच्याकडे होती तेव्हाही असंच करावं लागे?"

"तेव्हापासूनच," तो म्हणाला.

मी त्याच्यापुढे कुलूपवाल्याचा जबाब ठेवला. चकती सरकली ती तक्रारदाराच्या जिन्यावर. ती अर्धी रेघ जगात फक्त तिघांना माहीत असू शकत होती. तिजोरीचा मालक, कुलूपवाला आणि नंतर ती उघडणारा.

त्याने जबाब दोनदा वाचला. मग म्हणाला, "मला फक्त पुन्हा हातात धरायचं होतं. शनिवारी सगळे तिथे असतात. मी ग्रुपवर त्यांचे टार्गेटचे फोटो बघत बसायचो."

मला त्याची दया आली. त्याने जबाबावर सही केली आणि मी त्याच दिवशी सर्च वॉरंट घेतले. त्याच्या गॅरेजमध्ये, जुन्या फर्नेसच्या पत्र्यामागे, दोन पिस्तुले मिळाली. तिसरे नव्हते. परवान्याशिवाय गोळ्या मिळत नाहीत, म्हणून गोळ्यांच्या बदल्यात त्याने ते टोरोंटोतल्या एका ओळखीच्या माणसाला दिले होते.

सार्जंटने फाइल बंद करायला सांगितली. आरोपी सापडला, कबुली मिळाली, तक्रारदार सुटला. फाइलमध्ये त्याच्या नावापुढचा 'संशयित' हा शेरा मी स्वतः बदलला आणि त्याने ठरल्या दिवशी शपथ घेतली. पण तिसरे पिस्तूल त्याच्याच नावावर नोंदलेले होते. त्या पिस्तुलाने जे काही घडेल, त्याच्या तपासात पहिले दार तक्रारदाराचे वाजणार होते. आणि त्याच्या दाराचे सोडा, ज्याच्यावर ते रोखले जाईल त्याचे काय? मी फाइल टेबलावरच ठेवली. त्या ओळखीच्या माणसाने पिस्तूल पुढे दिले होते, पुढच्याने त्याच्या पुढे. दर सोमवारी मी टोरोंटोच्या सहकाऱ्यांना फोन करायची. ते माझा आवाज ऐकताच "अजून नाही" म्हणत. वसंत आला, बर्फ वितळले, आणि एका सोमवारी त्यांनी वेगळे उत्तर दिले. एका गाडीच्या डिकीत ते मिळाले होते. मॅगझिन गोळ्यांनी भरलेली होती.

सेवेत मी बऱ्याच जणांना शिकवले की यादी करा, यादीवर विश्वास ठेवा. त्या प्रकरणानंतर मी त्यात एक वाक्य वाढवले. यादी ही तुम्ही विचारलेल्या प्रश्नांची असते. लोकांना जे इतके साधे वाटते की सांगण्यासारखेच नाही, ते यादीत येत नाही. त्यासाठी वही गाडीत ठेवून बसावे लागते, तेलावरचा वाद तिसऱ्यांदा ऐकावा लागतो. आणि एक माणूस निर्दोष ठरला म्हणून काम संपत नाही.

पिस्तूल मिळाल्याचे सांगायला मी तक्रारदाराला फोन केला तेव्हा तो घरी परतणाऱ्या ट्रेनमध्ये होता. मला वाटले, तो विचारेल, परत कधी मिळेल. पण हळू आवाजात, शेजारच्याला ऐकू जाऊ नये असे, त्याने विचारले,

"कोणाला लागलं तर नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. "कोणालाच नाही."