शेवट कापलेली कॅसेट

गुरुप्रसाद वाघळे बहारीनला, मनामात ताहिरच्या स्टुडिओत लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. बायकांच्या दालनात पुरुषाला मज्जाव, म्हणून तिथे कॅमेरा त्याची बायको स्मिता धरायची. त्याआधी, चौऱ्याहत्तर साली, त्यानं मुंबईत एक सिनेमा काढला होता. नवराबायकोच्या अंथरुणाची गोष्ट, तीही मराठीत, फक्त प्रौढांसाठी. तेव्हा असलं काही करायला कुणी धजत नव्हतं. थिएटरवर मोर्चा आला, सिनेमा उतरला, पुढे त्याला कुणी काम देईना. इथे हे कुणाला ठाऊक नव्हतं. कळलं तर व्हिसा जाईल, या धास्तीनं स्मिता तो विषयही काढू द्यायची नाही.

पंच्याऐंशीत एका शुक्रवारी मनामाजवळच्या रिफाला राजनकडे जेवण होतं. राजन बँकेत मोठ्या हुद्द्यावर. जेवणं उरकल्यावर त्यानं पुरुषांना एक कॅसेट बघायला आतल्या खोलीत नेलं, दार लोटून घेतलं. स्मिता राजनच्या बायकोबरोबर, उल्काबरोबर, ताटं आवरत होती. आतून टीव्हीवरचा एक संवाद कानावर आला आणि तिचे हात थांबले. सिनेमा त्यांचाच होता. पाठोपाठ हशा.

तिनं दार किंचित ढकललं. गुरुप्रसाद कोपऱ्यात ताठ बसला होता. तिनं नजरेनंच त्याला विनवलं, गप्प राहा. तेवढ्यात पडद्यावर मुंग्या आल्या.

"खलास," राजन म्हणाला. "एवढंच आहे."

"शेवट कापलाय," गुरुप्रसाद म्हणाला. "सिनेमा माझा आहे."

स्मितानं चौकट घट्ट धरली. तो मात्र शांतपणे पुढचं सांगू लागला. नवरा झोपलाय, ती उठून दिवा लावते, त्याच्याकडे बघत राहते. लग्नाला इतकी वर्षं झाली. तुला काय हवं, असं आज त्यानं पहिल्यांदा विचारलेलं असतं. खोलीत कुणी हसलं नाही. कुणी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

पुढे कितीतरी दिवस बेल वाजली की स्मिता आधी खिडकीतून खाली पोलिसांची गाडी दिसते का पाहायची. पोलीस आले नाहीत, पण बातमी ताहिरपर्यंत गेली. कॅसेट स्टुडिओतून गेली का, एवढंच त्यानं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यानं विश्वास ठेवला. व्हिसा त्याच्याच हमीवर होता; तो मात्र पुन्हा वाढवणार नाही, असं खाली मान घालून सांगितलं.

त्याच आठवड्यात उल्का एकटीच स्टुडिओत आली. काउंटरवर स्मिता होती.

"त्या दिवशी आम्हाला आत बोलावलं नाही, पण मी तुझ्या मागून ऐकलं," ती हळूच म्हणाली. "ती बाई काय उत्तर देते?"

स्मितानं तिला स्टूल दिलं आणि सांगितलं.

शहाऐंशीत दोघं परतले. गुरुप्रसादनं आणखी एकच सिनेमा काढला. त्यात कॅमेरा स्मिताचा होता.