कासांच्या हजार फेऱ्या

सायकलवाल्यांबद्दल मोरिसेतचं मत ठरलेलं होतं. ज्यांना कुठेही पोचायचं नसतं, तीच माणसं सगळ्यात जास्त घाम गाळतात, असं ती म्हणायची. आणि हे ती त्यांच्याच टेबलावर ऑम्लेट आपटताना म्हणायची.

तिला तो अधिकार होता. काझेल गाव लॉत नदीच्या एका लांबलचक वळशाच्या टोकाला. नदी डोंगराला फेरा घालून जिथून निघाली जवळजवळ तिथेच परत येते. डोंगरातून बोगदा पाडला तेव्हापासून मोटारी आरपार निघून जातात आणि काठचा जुना रस्ता सायकलवाल्यांना आंदण मिळाला. शहराकडून यायला एका अंगानं अक्रोडाच्या बागांतून सपाट रस्ता, दुसऱ्या अंगानं कड्यावरची चढण. ह्याच रस्त्यावर मोरिसेतनं अठ्ठावीस वर्षं टपाल वाटलं. पिवळी सायकल, पुढे एक थैली, मागे दोन. कड्यावर दोनच घरं. त्यांना विजेचं बिल आणि कुठल्यातरी दुकानाची जाहिरात, ह्यापलीकडे काही यायचं नाही. त्या जाहिरातीसाठी ती दहिवरात, बर्फात, तापात चढली. वाटेत थांबून नदीकडे बघत तिनं कधी उसासा टाकला नाही. नदी पाहायला तिला सरकार पगार देत नव्हतं.

रविवारी टपाल बंद. त्या दिवशी ती आईचं कॉफीचं दुकान सांभाळायची, आणि आई गेल्यावर ते तिचंच झालं. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "सगळ्यांची पत्रं माझ्या हातातून गेलीत. लग्न झालेल्यांचीही."

शहरातल्या सायकल क्लबचा शिक्का तिच्या गल्ल्याच्या खणात, बूच काढायच्या स्क्रूशेजारी पडलेला असायचा. वळशाची फेरी मारणाऱ्यानं काझेलला थांबून आपल्या कार्डावर शिक्का घ्यायचा. एक शिक्का म्हणजे एक फेरी. एका अंगानं आलेला माणूस दुसऱ्या अंगानं जाणार, हे क्लबनं गृहीतच धरलं होतं. आल्या वाटेनं परत जाणं त्या लोकांत इतकं हलकं समजलं जायचं की असं कुणी करील हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

क्लब यायचा रविवारी दुपारी एकला, कड्यावरून उतरून. रंगीत, घट्ट बनियनांत कोंबलेली पोटं, फरशीवर टकटक वाजणारे बूट, आणि तोंडात एकच विषय. "काय शांतता आहे इथे," असं ते इतक्या मोठ्यानं बोलायचे की पलीकडच्या काठावरचे बगळे उडून जायचे. चिटणीस वेसाद तर दर वेळी नवीन आल्यासारखा दारात उभा राहून छाती भरून श्वास घ्यायचा.

"हवा फुकट आहे," मोरिसेत म्हणायची. "ऑम्लेट नाही. बस खाली."

पण ह्या सगळ्यांबद्दलची तिची तुच्छता एकीकडे आणि आन्सेल्म कासांबद्दलची एकीकडे. कासांचं शहरात बियाण्यांचं दुकान. रविवारी बाजार भरायचा, अकराला त्याला दुकान उघडायला लागायचं, म्हणून तो एकटाच भल्या सकाळी निघायचा. साडेआठला सपाट रस्त्यानं काझेलला हजर. भिंतीला सायकल टेकवायची, टोपी काढायची, कोपऱ्यातल्या टेबलावर बसून वाडगाभर कॉफी प्यायची. वर्तमानपत्रातल्या मयतांच्या बातम्या मोठ्यानं वाचून दाखवायच्या. यंदा वाल लवकर पेरा म्हणून सांगायचं. बरोबर दहाला कार्डावर शिक्का घ्यायचा आणि निघायचं. आणि निघायचं कुठे, तर आल्या वाटेनं, सपाट.

पहिल्यांदा हे तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तेव्हा तिला वाटलं, काही विसरला असेल. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तिच्या लक्षात आलं की हा गडी कड्याला भितो. तेव्हापासून त्याच्याकडे पाठ करून पेले पुसत ती त्याला टोमणे मारायची.

"कड्यावर आज वारा आहे म्हणे, कासां. जपून जा हो."

"हो का," तो म्हणायचा.

"धाप लागली तर दोन घरं आहेत वर. पाणी देतात ती माणसं."

"चांगली असतील."

बाकीचा क्लब तिला अगंतुगं करायचा. हा एकटा शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हणत राहिला. दर वसंतात एखादी बियांची पुडी टेबलावर ठेवून जायचा, कधी वाल, कधी टोमॅटो, एकदा गोड वासाच्या वाटाण्याच्या फुलांचं बी. शिक्क्यासाठी लाच देतोय, असं तिला वाटायचं. लाच तरी कसली, तर वालाची. ती पेरायची मात्र सगळं, कारण बी वाया घालवणं तिच्या रक्तात नव्हतं.

असं एकोणतीस वर्षं चाललं. शेवटी वेसाद एक कागद घेऊन आला.

"कासांचे हजार शिक्के झाले. हजार फेऱ्या म्हणजे काय गंमत आहे? सत्कार करतोय आम्ही. नगरपालिकेच्या सभागृहात, पदक आहे, सगळं आहे. साक्षीदार म्हणून तुझी सही हवी. आकडा तूच भर."

"मीच भरू?"

"तू सोडून कुणाला माहीत?"

मोरिसेतनं तो कागद आठ दिवस पिठाच्या डब्याखाली ठेवला. सही केली तर तिची अठ्ठावीस वर्षं आणि त्या पळपुट्याचे रविवार एकाच मापानं मोजले जाणार होते. कड्यावर तिनं घाम गाळला आणि पदक त्याच्या छातीवर. वर तिच्याच सहीनं. नवव्या दिवशी तिनं आकडा भरला, सही ठोकली आणि लिफाफा चिकटवून वेसादला पाठवला. वर लिहिलं, सभेतच उघड.

सभेला ती चांगले कपडे घालून गेली. वेसादनं दरीच्या सौंदर्यावर पाऊण तास भाषण केलं, मग लिफाफा फोडला आणि कागद दोनदा वाचला. "इथे," तो म्हणाला, "इथे शून्य लिहिलंय. कड्यावरून एकही फेरी नाही. दर वेळी आल्या वाटेनं परत."

आधी कुणीतरी मागे फिसकन हसलं. मग सगळं सभागृह हसलं. कासां उठला. सत्तरीचा माणूस, टोपी हातात.

"बाईंनी बरोबर लिहिलंय," तो म्हणाला. "कड्यावरून मी कधी गेलो नाही. गेलो असं मी कुणाला सांगितलंही नव्हतं. शिक्के तुम्ही मोजलेत."

तो बसला. पदक डबीत परत गेलं. मोरिसेतला इतकं बरं कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

परत येताना वेसादनं तिला मोटारीत घेतलं.

"डोकं चालत नाही माझं," बोगद्यापाशी तो म्हणाला. "भ्याला म्हणावं, तर दर बुधवारी हा माणूस माझ्याबरोबर पठारावर चढतो. तुझ्या कड्याच्या दुप्पट चढ. वर पोचून माझी वाट बघत उभा असतो, वर विचारतो, पाणी हवंय का. सत्तराव्या वर्षी."

"मग परत का फिरायचा?"

"मला काय विचारतेस? कड्यावरून जायचं तर काझेलहून किती वाजता निघायला लागेल? अकराला दुकान उघडायचं असेल तर?"

टपालवाल्या बाईला हे गणित कुणी शिकवायला नको होतं. कड्यावरून शहराला पावणेदोन तास. म्हणजे सव्वानऊला उठायला हवं. सपाट रस्त्यानं गेलं तर दहापर्यंत बसता येतं. पाऊण तास जास्त. हजार रविवार तो माणूस तेवढ्या पाऊण तासासाठी सायकलवाल्यांत सगळ्यात हलकं समजलं जाणारं काम करत आला. आणि त्या पाऊण तासात ती त्याच्याकडे पाठ करून पेले पुसत होती.

"काय झालं?" वेसाद म्हणाला.

"समोर बघून चालव," ती म्हणाली.

घरी आल्यावर ती स्वतःवर चिडली, मग त्याच्यावर. एकोणतीस वर्षांत एक वाक्य बोलता येऊ नये? मयतांच्या बातम्या वाचता येतात, तोंड होतं ना? असला माणूस, वाल पेरा म्हणायला हजार वेळा येतो आणि पुढचा शब्द घशात अडकतो. कड्याला नाही भ्याला, तर तिला भ्याला. तिला त्याची चीड आली, आणि चीड ओसरल्यावर तिला आपली लाज वाटली. अशी लाज तिला सवयीची नव्हती, त्यामुळे तिचं काय करावं ते तिला कळेना.

पुढच्या रविवारी साडेआठला तिनं वाडगा काढून ठेवला. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. तिसऱ्या रविवारी तिनं मनाशी वाक्य जुळवून ठेवलं. चांगलं होतं, छोटं होतं, त्यात माफी होती आणि टोमणा नव्हता. नऊ वाजले, दहा वाजले. तिनं कॉफी ओतून टाकली.

दुपारी एकला क्लब कड्यावरून उतरला. बूट टकटकले, कुणीतरी शांततेची तारीफ केली. ऑम्लेटच्या ताटल्या घेऊन ती बाहेर आली, तर रांगेत सगळ्यात शेवटी कासां. दुकान त्यानं पुतण्याकडे सोपवलं होतं, असं मागाहून वेसादकडून कळलं. अंगावर घामाचा थेंब नव्हता. त्यानं नवंकोरं कार्ड पुढे केलं.

"पहिली फेरी, बाई," तो म्हणाला.

तिनं शिक्का मारला. जुळवून ठेवलेलं वाक्य ओठांवर आलं, पण आजूबाजूला वीस माणसं काट्या-चमच्यांचा आवाज करत होती.

"कॉफी ठेवू?" तिनं विचारलं.

"नको," कासां म्हणाला. "आता सगळ्यांबरोबर असतो ना."

त्यानं कार्ड खिशात घातलं, वेसादशेजारी बसून ऑम्लेट खाल्लं, आणि क्लबबरोबर सपाट रस्त्यानं घरी गेला.