कामठ्याला पोचवायचा निरोप

‘आधुनिक कविता आणि मन’ या विषयात मी नुकतीच पीएचडी झाले आहे, असं सांगितलं की लोक आपली दुखणी काढून बसतात. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहा घेताना शेजारच्या बाईंनी विचारलंच, “मनाची डाक्टर का तुमी? मंग मले झोप काऊन नाई येत, थे सांगा.” मी कवितेचं नाव काढताच त्यांनी तोंड फिरवलं.

मी निघाले होते नवेगाव बांधला, एका वृद्ध कवींकडे. त्यांची स्मृती हरपत चालली होती. माणूस नावं विसरतो, पण कवितेची ओळ मनाच्या तळाशी टिकते, असं मी प्रबंधात ठासून लिहिलं होतं. त्यांनी आपली एक तरी ओळ ओळखावी, एवढीच माझी आस होती.

पुढची बस कापणी झालेल्या बांध्यांमधून (धानाची शेतं) गेली. मग झाडी लागली आणि झाडीआडून एकदम तलाव दिसला, आभाळाएवढा.

कवींच्या घरी त्यांच्या सूनबाईंनी लाखोरीचे (इथली आवडती डाळ) गरम वडे दिले नि त्या पाणी आणायला आत गेल्या. मी लगेच खाटेवर बसलेल्या कवीबाबांना त्यांचीच इथल्या झाडीबोलीतली कविता वाचून दाखवायला घेतली. बायको वारल्यावर एकटाच चुलीपुढं बसलेला माणूस, अशी ती कविता. शेवटची ओळ उरली होती, तोच सूनबाई धावत आल्या आणि हातानं ‘नको नको’ करू लागल्या.

बाबांच्या डोळ्यांना धार लागली होती.

“कोनाची बायको मेली हे? बिचारा! माही कामठ्याले माहेरी गेली हाये. थे आली का आमी दोघं जाऊ त्याले भेटाले.”

निघताना फाटकाशी सूनबाई सासऱ्यांकडे पाहत हळूच म्हणाल्या, “सासूबाई जाऊन लय वर्सं झाली. मामाजींले खरं सांगतलं का रोज नव्यानं रडत. म्हनून आमी माहेरी गेली म्हनतो.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात खाटेवरून हाक आली.

“पोरी, गोंदियाले जाऊन राहिली ना? कामठ्याले जाशीन तं तिले सांगजो. चूल इझली नाई, तुही वाट पाहून राहिली.”

मी न वाचलेली शेवटची ओळ तीच होती.

गोंदियाच्या स्टँडवर कामठ्याची बस उभी होती. “मॅडम, चलना है क्या?” कंडक्टरनं विचारलं. मला रडूच फुटलं.

पुण्यात आता प्रबंधाचं पुस्तक होतंय. माझं म्हणणं खरं ठरलं, त्यात बदलण्यासारखं काही नाही. निरोप तेवढा माझ्याजवळच राहिला आहे.